आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर: फ्रीमाँटहून कराडला पोचायला किती वेळ लागतो

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, मोजणीच्या टिपणावरच्या आकड्यांसारखं सुटं सुटं. आम्ही सगळे ठीक. ओमचे दात पडायला लागलेत, त्यामुळे 'स' म्हणताना शिट्टी वाजते.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय, "निनादच्या मोबाइलवर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर आणि पंधरा-सोळा तास असं दिसतं. तुझ्या बाबांच्या तिकिटाचे तास मोजले तर तेवीस भरतात. तू फोनवर दीड दिवस म्हणतेस. एकाच गटाची तीन क्षेत्रफळं कशी?" मोजणी खात्यात नोकरी काढलेल्या माणसाला 'खूप लांब आहे हो आप्पा' एवढ्यावर गप्प बसवता येणार नाही. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आजी तिच्या पद्धतीने सांगते. म्हणून लिहूनच पाठवते, मोठ्या अक्षरात.

आधी अंतर, कारण त्यात वाद नाही. मुंबईचं सहार विमानतळ ते इथलं विमानतळ, पृथ्वीच्या पाठीवरून सर्वांत जवळच्या रेषेने मोजलं तर सुमारे १३,५०० किलोमीटर. निनादचा आकडा बरोबर आहे. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे कुणी ती साधा गोल धरून हिशोब करतो, कुणी चपटेपणा धरून, त्यात थोडाफार फरक पडतो, पण तो सोडून द्या. तुमच्या तेहतीस फुटी साखळीने मोजायचं म्हटलं तर सुमारे १३ लाख ४२ हजार साखळ्या होतात. शंकू कुठे कुठे रोवायचे ते तुम्ही बघा.

पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे कुठलीही दोन ठिकाणं वीस हजारांपेक्षा जास्त लांब असूच शकत नाहीत. त्या हिशोबाने आम्ही जगाच्या दुसऱ्या टोकाला राहतो हे आजीचं म्हणणं थोडं वाढवलेलं आहे. दोन तृतीयांश वाटेवर राहतो. मुंबईच्या अगदी पायाखाली, पलीकडच्या बाजूला, कुणीच राहत नाही. तिथे पॅसिफिक समुद्र आहे, ईस्टर बेटाच्याही उत्तरेला, नुसतं पाणी.

ही साडेतेरा हजारांची रेषा जाते कुठून, ते बघण्यासारखं आहे. भिंतीवरच्या नकाशात भारत उजवीकडे आणि अमेरिका डावीकडे, म्हणून आपण मनातल्या मनात अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक अशी रेघ ओढतो. मीही इथे येण्याआधी तीच ओढत असे. प्रत्यक्षात सरळ रेषा मुंबईहून जवळजवळ उत्तरेला निघते, जेमतेम चौदा अंश पूर्वेकडे कललेली. राजस्थान आणि मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वर सरकते, पंजाब, मग लडाखच्या बाजूने काराकोरम, शिनजियांग, अल्ताई पर्वत, सगळा सायबेरिया. तिथून बर्फाच्या समुद्रावर ७६ अंश उत्तरेपर्यंत चढते, अलास्काच्या वरच्या टोकाशी पुन्हा जमिनीवर येते आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याने खाली उतरून सॅन फ्रान्सिस्कोला. अटलांटिक कुठेच लागत नाही. म्हटलं तर ही वाट पूर्वेची, म्हटलं तर पश्चिमेची. खरं तर ती उत्तरेची आहे.

तुम्हाला खोटं वाटेल म्हणून एक करा. निनादच्या खोलीत शाळेतला जुना पृथ्वीगोल आहे. त्यावर एक दोरा मुंबईवर बोटाने दाबून धरा, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवा आणि ताणा. ढिला असेपर्यंत तो कुठेही लोळेल, ताणला की आपोआप वर ध्रुवाकडे सरकेल. गावाच्या नकाशात तुम्हाला ही भानगड कधी आली नाही, कारण एका शिवेपासून दुसऱ्या शिवेपर्यंत जमीन सपाट धरली तरी बांध हलत नाही. इंग्रजांच्या काळात सगळा देश मोजणाऱ्या जीटीएसवाल्यांना (ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे) मात्र पृथ्वीचा बाक धरावाच लागला. विमानवाल्यांचंही तसंच.

पण ही कागदावरची वाट. विमान त्या दोऱ्यावरून जात नाही, आणि तुमच्या तीन आकड्यांची गोम इथूनच सुरू होते.

पहिली अडचण डोंगरांची. काराकोरम आणि तिबेटवरून लांब अंतरावर उडायला वैमानिक नाखूष असतात. डोंगरांना विमान धडकेल म्हणून नाही, विमान त्यांच्या कितीतरी वर असतं. पण आतल्या हवेचा दाब गेला तर विमानाला घाईने दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण छतातून पडणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. खाली अठरा-वीस हजार फुटांची शिखरं असतील तर उतरणार कुठे? म्हणून बहुतेक वेळा वळसा.

दुसरी अडचण माणसांची. युक्रेनचं युद्ध २०२२ मध्ये पेटल्यापासून अमेरिकन कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि आपणही त्यांना बंद केलं. त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना आधी खाली येऊन अरबी समुद्रावरून जावं लागलं आणि प्रवासाचा वेळ वाढला. जमिनीचा बांध कुणी कोरला तर तुम्ही टिपण काढून दाखवायचात. आकाशातल्या बांधाला दगडही नसतो, पण तो ओलांडता येत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत गमतीची वाटते, ती म्हणजे वारा. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात कधी कधी ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरचा वेग असतो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी नऊशेच्या आसपास, पण तो हवेच्या संदर्भात. वारा पाठीमागून सरासरी शंभरचा असेल तर जमिनीवरून वेग हजार होतो आणि साडेतेरा हजार किलोमीटर साडेतेरा तासांत संपतात. तोच शंभरचा वारा तोंडावर आला तर वेग आठशे आणि वेळ जवळजवळ सतरा तास. अंतर तेच, विमान तेच, साडेतीन तासांचा फरक. प्रीतिसंगमावर पावसाळ्यात तुम्ही प्रवाहाबरोबर पोहत जायचात आणि परत काठाने चालत यायचात, त्यातलंच हे. विमानाला चालत यायची सोय नाही एवढंच.

याचा पुरावा देते. एअर इंडियाचं दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकच्या बाजूने जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, आणि वेळ कमी झाला, साडेचौदा तासांवर आला. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन लवकर पोचले, कारण पाठीवर वारा होता. परतताना पुन्हा अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच. जाऊन येईपर्यंत पृथ्वीला एक पुरी प्रदक्षिणा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुमचीच आठवण झाली, कारण 'जवळची वाट लवकरची असतेच असं नाही' हे तुम्ही घाटाबद्दल नेहमी म्हणता.

आणि एक सांगायचं राहील. ९ जानेवारी २०२१ ला इथूनच बेंगळुरूला निघालेलं विमान उत्तर ध्रुवावरून नेलं. वैमानिक चौघी, सगळ्या बायका. कॅप्टन झोया अगरवाल प्रमुख, आणि त्यांच्यात आकांक्षा सोनावरे हे आपल्याकडचं नाव. ध्रुवाजवळ चुंबकसूची कामाची राहत नाही, आणि थंडी इतकी की टाकीतल्या इंधनाचं तापमान सतत बघत राहावं लागतं. नेहमीच्या जातीचं विमानाचं इंधन उणे चाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास गोठायला लागतं. साधारण सतरा तासांनी, ११ तारखेच्या पहाटे, त्या बेंगळुरूला उतरल्या. मधली १० तारीख कुठे गेली, ते पुढे सांगते.

तर मोबाइल काय करतो, तर साडेतेरा हजाराला विमानाच्या सरासरी वेगाने भागतो, वर चढण्या-उतरण्याची अर्ध्या तासाची पुस्ती जोडतो आणि 'पंधरा-सोळा तास' असं ठोकून देतो. वारा धरत नाही, बंद आकाश धरत नाही, मधे उतरणं धरत नाही. चुकीचं नाही, पण त्या आकड्यावर कुणी गाडी बोलावू नये.

बाबांच्या तिकिटाचे तेवीस तास खरे आहेत, कारण ते फ्रँकफर्टमार्गे आहेत. मुंबई ते फ्रँकफर्ट सुमारे ६,५०० किलोमीटर, पश्चिमेकडे जाताना नऊ तास. तिथे अडीच तास थांबायचं. पुढे इथपर्यंत ९,१०० किलोमीटर, साडेअकरा तास. एकूण साडेपंधरा हजारांच्या वर. दुबईमार्गे आले असते तर एकूण सुमारे पंधरा हजार, पण त्यात एकच टप्पा पंधरा-सोळा तासांचा. सिंगापूरमार्गे तर साडेसतरा हजार होतात. तिथून येताना वारा चांगला मिळतो म्हणतात, पण बाबांच्या गुडघ्यांना वाऱ्याचा काय उपयोग? मी मुद्दामच फ्रँकफर्ट घेतलं. अंतर जास्त पडलं तरी चालेल, टप्पे लहान हवेत आणि मधे पाय मोकळे करायला मिळायला हवेत. तिकीट दोनशे डॉलरने महाग पडलं, ते बाबांना सांगू नका.

आई अकरा तास बसायचं म्हणून धास्तावली आहे. तिला सांगा, आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या त्या ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, आणि बरोबर घरचं माणूस कुणी नव्हतं. हिच्याबरोबर बाबा आहेत. (यावर ती काय बोलेल ते मला इथे ऐकू येतंय.)

आता माझा दीड दिवस. तो विमानाचा नाही, दाराचा आहे: माझ्या दारापासून तुमच्या दारापर्यंत. समजा मी शुक्रवारी सकाळी साडेअकराला इथून निघाले. विमानतळ तासाभरावर, आणि तीन तास आधी पोचायचं. दुपारी साडेतीनला उड्डाण. साडेपंधरा तासांनी दुबई. तिथे चार तास. पुढे मुंबई, अंतर दोन हजार किलोमीटरच्या आतच, तीन तास धरू. उतरते तेव्हा तुमच्याकडे शनिवारची रात्र उलटून रविवारचे अडीच वाजलेले असतात. शिक्का, सामान, गाडी शोधणं यात दीड तास. मग रस्ता. सहार ते कराड सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, त्याला सात तास. खंबाटकीला ट्रक आडवा झाला तर आठ. म्हणजे रविवारी सकाळी अकरा. पस्तीस तास झाले.

यात बघा, मुंबई ते कराड हे सगळ्या वाटेच्या दोन-सव्वादोन टक्केच अंतर आणि वेळ पाचवा हिस्सा खाऊन जातं. इंजिनांनी पृथ्वी लहान केली वगैरे लोक बोलतात, ते बहुतेक विमानतळाशेजारी राहत असावेत.

त्या सगळ्या वाटेवर एकच गोष्ट मला मनापासून आवडते. जूनमध्ये आलं की ध्रुवाच्या बाजूने जाताना सूर्य मावळतच नाही. लोक पडदे ओढून झोपलेले असतात, घड्याळात मध्यरात्र असते, आणि पडदा बोटभर वर केला की खाली फुटलेल्या बर्फाचे तुकडे आणि क्षितिजाला लागून तिरपं ऊन. तास न् तास तसंच. खिडकीशी बसणाऱ्याने हे बघावं. बाबांना मात्र मी मधल्या वाटेच्या कडेची जागा घेतली आहे. त्यांनी दर दोन तासांनी उठून मागपर्यंत फेरी मारायची, पाणी पीत राहायचं आणि पोटऱ्यांना घट्ट मोजे घालायचे. इतका वेळ पाय लोंबते ठेवून बसलं तर रक्ताच्या गाठी होऊ शकतात, म्हणून डॉक्टरांनाही एकदा विचारा. चाकाची खुर्ची मी तिकिटाबरोबर सांगून ठेवली आहे. 'मी काय पांगळा आहे का' असं ते म्हणतील, तेव्हा तुम्ही रागवा. फ्रँकफर्टला एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत अर्धा तास चालावं लागू शकतं.

तारखेचं कोडं. बाबांचं विमान रात्री अडीचला सुटतं आणि त्याच तारखेला दुपारी एकला इथे उतरतं. आजीला वाटलंय साडेदहा तासांत पोचतात. नाही, तेवीस तासच. पण आमचं घड्याळ तुमच्यापेक्षा साडेबारा तास मागे आहे, ते वजा होतात. परत येताना तेच साडेबारा तास जमा होतात, म्हणून शुक्रवारी निघालेला माणूस रविवारी पोचतो आणि त्या बेंगळुरूच्या विमानातल्यांना १० तारीख धड अनुभवताच आली नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून आमची घड्याळं तासभर मागे जातात, मग फरक साडेतेरा. म्हणून तुम्ही संध्याकाळी सातला फोन केलात तर आत्ता इथे सकाळचे साडेसहा असतात आणि ओमला उठवायचं काम होतं. हिवाळ्यात मात्र साडेपाच असतात. तेव्हा आठला करत जा.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात जे विचारलंय: "मला अचानक काही झालं तर तू किती वेळात येशील?"

पस्तीस तास हे तिकीट हातात असताना. अचानक निघायचं तर त्यात तिकीट मिळण्याचा वेळ धरा. त्या दिवशीची विमानं गेलेली असली तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. म्हणजे दोन दिवस, गर्दीचे दिवस असतील तर अडीच. माझा पासपोर्ट आणि बाकीचे कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात एकत्र ठेवलेत. ओमला दोन-तीन दिवस सांभाळायला शेजारच्या गुजराती मावशी तयार आहेत, त्यांच्याशी मी हे आधीच बोलून ठेवलंय. ऑफिसातही सांगून ठेवलंय. एवढी तयारी मी केली आहे, ती तुम्हाला माहीत असावी म्हणून लिहिते.

तुमच्या दोन वाक्यांनंतरचं "माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही, वेळेत उरकायचं" हेही वाचलं. बाबांशी तुम्ही बोलला असालच. माझी त्याला हरकत नाही, आप्पा. पस्तीस तासांचं गणित तुम्हालाच नीट कळतं म्हणून तुम्ही तसं लिहिलंत, हे मला समजलं. पण माझं एक म्हणणं तुम्हीही ऐका. दुखणं लपवू नका. दम लागतोय, पायाला सूज आहे, हे मला कधी कळतं, तर दवाखान्यातून घरी आल्यावर, 'उगाच काळजी नको' म्हणून. मला आधी दोन दिवस कळलं तर मी आधी दोन दिवस निघेन. अंतर माझ्या हातात नाही, वारा वैमानिकाच्याही हातात नाही, पण ही सुरुवात तुमच्या हातात आहे.

दिवाळीला आम्ही तिघं येतोय हे पक्कं. या वेळी पुण्याला न थांबता थेट कराड. आईने पुण्यातल्या सगळ्या मावश्यांना आधीच कळवून टाकलंय, तो घोळ तिने निस्तरायचा.

दोऱ्याचं करून बघितलंत की अलास्का लागतं का ते लिहा. दोरा सुती घ्या, नायलॉनचा ताणला की लांबतो.

आजीला नमस्कार, निनादला आशीर्वाद.

आपली नात,
सई

ता. क. – आईला सांगा, लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नको. शंभर मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीतलं पातळ काहीही सुरक्षा तपासणीत काढून घेतात, आणि लोणच्याचं तेल त्यांच्या हिशोबी पातळच. मोठ्या बॅगेत, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून, जुन्या साडीत गुंडाळून. आणि तिथून गोडा मसाला जरा जास्त पाठवा, मागचा संपला.